पाठीवर सॅक, परदेश आणि सोबतीला कोण? तुमचे अनुभव लिहा

पऱ्हाटी
काल कापसाची खोली झाडता झाडता माळ्यावरून जुनी सॅक अंगावर पडली. एक पट्टा उंदरांनी खाल्लेला, पण बाजूच्या कप्प्यात दहा हजारांची नोट शाबूत. घाबरू नका, व्हिएतनामचे दहा हजार म्हणजे आपले तीसेक रुपये. केर तसाच टाकून बसले तिथंच.

२०१९ च्या पोळ्याला आम्ही डीएडच्या चौघींनी ठरवलं होतं. कापूस अर्धाअधिक घरात आला की जानेवारीत निघायचं. वर्ध्याहून गीतांजलीनं हावडा, कोलकात्याहून हनोई. ते विमान त्याच ऑक्टोबरात नवीन सुरू झालेलं. ई-व्हिसा २५ डॉलर. ग्रुपचं नाव 'चलो हनोई'. मग ऑक्टोबरच्या पावसात एकीच्या सोयाबीनला शेतातच कोंब फुटले, दुसरीचं लग्न जमलं, तिसरी "यांना विचारून सांगते" म्हणाली ती अजून विचारतेच आहे. ग्रुपात मी एकटी, तीही ॲडमिन.

आमची आत्या तेव्हा ५८ ची. सरकी ओढता ओढता म्हणे, "मी येतो न तुह्यासंग." मला वाटलं गंमत. दुसऱ्या दिवशी आधार कार्ड घेऊन दारात. पोस्टातल्या केंद्रात पासपोर्ट केला. विमानतळावर पोरानं विचारलं, मावशी, कामाला चालल्या का? आत्या म्हणे, "काम घरी लय हाये, ते सोडूनच चालली."

हातातल्या बॅगेला ७ किलोची मर्यादा. दोन्ही सॅक कापूस मोजायच्या काट्यावर टांगल्या. आत्याची पावणेसात भरली, माझी अकरा.

उतरलो २४ जानेवारीला. दुसऱ्या दिवशी त्यांचं तेत, म्हणजे नवं वर्ष. हे आधी पाहायचं कोणी? मीच. अर्धं हनोई कुलूपबंद. दीड दिवस संक्रांतीच्या तिळगुळावर काढला. मग एक टपरी उघडी दिसली, आत्यानं "चाय, चाय" केलं आणि बाईनं टोफू घातलेल्या शेवयांचा वाडगा आणून ठेवला. त्यांच्या भाषेत चाय म्हणजे शाकाहारी! पुढचे नऊ दिवस त्या एका शब्दावर जगलो. परतताना बघावं त्याच्या तोंडाला मास्क, पण ती वेगळी गोष्ट.

तुम्ही कोणासोबत गेलात, कोणी टांग मारली, लिहा. मी गोठ्यातून येते.

वडाभात
आत्याबाईचा फोटो पायजे. बाकी मंग वाचतो.

बल्लारशा_पॅसेंजर
टांग मारणाऱ्याइचं मले नोका सांगू ताई. आम्ही तिघं नेपाळले निघालो, २०१९ चाच मे महिना. एकानं स्टेशनावर येऊन टांग मारली. स्टेशनावर भाऊ! घरून फोन आला म्हणे, पोरगी पाहाले जायचं हाये. ते पोरगी काही जमली नाई, नेपाळ बी गेलं.
आम्ही दोघं राप्तीसागरनं गोरखपूर, तिथून सोनौली. पासपोर्ट नाई, मतदान कार्डावर सोडलं. पण तवा आपल्या १०० च्या वरच्या नोटा तिकडं बंद होत्या अन् माह्या खिशात सगळ्या ५०० च्या. जोडीदाराजवळ शंभराच्या होत्या. मंग काय, पोखऱ्यापर्यंत त्यानं माह्या नावावर वहीत हिशोब लिवला, चहा सुद्धा, बिस्कुट सुद्धा. ते वही अजून त्याच्या कृषी केंद्रात गल्ल्याखाली हाये. दर दिवाळीले दाखवते.
अन् नेपाळचं घड्याळ आपल्याहून १५ मिनिटं पुढं. सातची बस होती, आम्ही आपल्या घड्याळात सहा पन्नासले ऐटीत पोचलो. बस गेल्ती.

संत्रागळ
१५ मिनिटासाठी वेगळं घड्याळ कायले बे

खडू_डस्टर
ते गौरीशंकर शिखराचं रेखावृत्त धरतात, ८६ अंश १५ मिनिटं पूर्व. आपलं मिर्झापूरजवळचं, ८२ अंश ३० मिनिटं. एका अंशाला ४ मिनिटं, करा गुणाकार. भूगोल शिकवतो, राहवलं नाही.

संत्रागळ
सर, बस तरी गेलीच न

पाटोडी
पऱ्हाटी ताई, तिकडच्या जेवणात सांबार लय असतो म्हणतात, खरं का? माझ्या नवऱ्याला सांबाराचा वासच चालत नाही.

मुळा_मुठा
व्हिएतनाममध्ये सांबार? इडलीसोबतचं?

पाटोडी
आले बाई हे. दादा, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, येते.

ओलिताचं_वावर
माझा अनुभव कडू आहे. पुण्याच्या एका पोराशी नेटवर ओळख झाली, सहा महिने रोज बोलणं. युरोप, २१ दिवस, स्वस्तातले हॉस्टेल, रात्रीच्या बसने प्रवास म्हणजे मुक्काम वाचतो, असं सगळं कागदावर. ३०,००० युरोचं संरक्षण देणारा विमा काढला. मग व्हिसासाठी आयटीआर, म्हणजे आयकराचं विवरणपत्र, मागितला. माझं उत्पन्न शेतीचं, त्यावर कर नाही, आयटीआर आणू कुठून? सातबारा इंग्रजीत करून, नोटरी करून जोडला. खिडकीवरच्या बाईनं तो उलटा धरून पाहिला.
नकार आला. परत जाल याची खात्री वाटत नाही म्हणे. १४ एकर ओलित अन् तीन म्हशी सोडून मी तिथं भांडी घासायला राहणार होतो का?
त्याला मिळाला. तो गेला. रोज फोटो पाठवायचा, मी ब्लॉक केलं. आठ महिन्यांनी अनब्लॉक केलं. मागच्या हुरड्याला घरी येऊन गेला, वांगे-रोडगे खाऊन दोन दिवस झोपला.

खडू_डस्टर
भाऊ, कर शून्य असला तरी आयटीआर भरता येतो. शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-२. दोन-तीन वर्षं भरत जा, मग पुन्हा अर्ज करा.

ओलिताचं_वावर
हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर. धन्यवाद सर.

वडाभात
दोन दिवस झोपला 😂 रोडग्याचा व्हिसा त्याले लगेच भेटला

निळी_पाखरं
आमची आजी लुंबिनीला जाऊन आली. बोधगया, कुशीनगर, लुंबिनी, एका बसमध्ये ४० बाया. तिला म्हटलं आजी, तू परदेशात जाऊन आलीस. तर चिडली. "बुद्धाचं गाव, परदेस कायचा?" अशोकाच्या खांबाजवळची चिमूटभर माती आणली होती, ती अजून बाबासाहेबांच्या फोटोमागं पुडीत आहे.
सोबत कशी निवडायची ते तिला बरोबर समजते. बस सुटायच्या आधी कोणती बाई दुसरीचं गाठोडं वर ठेवून देते ते पाहायचं अन् तिच्याजवळ बसायचं. आजी अशा बाईजवळ बसली आणि बाई रात्रभर घोरली. तरी दोघींचे अजून फोन चालतात, दोघींनाही ऐकू येत नाही.

संत्रागळ
तूर काढली का कोनं? ओल किती दाखवून रायले मार्केटात?

बल्लारशा_पॅसेंजर
इकडं अजून उभी हाये. वेगळा धागा काढ न बाप्पा

बुलेट_धामणगाव
नमस्कार, मी २४ वर्षांचा. मार्चमध्ये 'हा ज्यांग' नावाच्या भागाचा लूप, म्हणजे गोल फेरा, करायचा आहे, उत्तर व्हिएतनाम, मोटरसायकलवर तीन-चार दिवस. दोन मित्र "पक्कं" म्हणाले आहेत म्हणजे कोणीच येणार नाही हे धागा वाचून कळलं. कोणी इच्छुक? आरटीओतून १,००० रुपये भरून गाडी चालवायचं आंतरराष्ट्रीय परमिट काढून ठेवलं आहे.

खडू_डस्टर
थांबा. आपलं परमिट १९४९ च्या रस्ते वाहतूक कराराचं, व्हिएतनाम १९६८ चं मानतो. तिथं ते चालत नाही. पोलिसांनी धरलं तर दंड, आणि अपघात झाला तर विम्यावाले हात वर करतील. तिथला स्थानिक चालक घ्या, त्याच्या मागे बसा.

बुलेट_धामणगाव
बुलेटवाला माणूस मागे बसणार? गावात सांगू कसं

पाटोडी
मागं बसला तर दोन्ही हात मोकळे, फोटो चांगले येतील. भाजी करपली माझी या धाग्यापायी.

ओलिताचं_वावर
बुलेट भाऊ, मार्चमध्ये गहू काढणी आहे, एप्रिल जमत असेल तर मी विचार करतो. खर्चाची वही आधीच करू, बल्लारशावाल्यांसारखी नको.

बुलेट_धामणगाव
एप्रिल चालेल दादा. घोरता का?

ओलिताचं_वावर
म्हशींनी कधी तक्रार नाही केली.

पऱ्हाटी
आत्ता बसले. सगळं आत्याला वाचून दाखवलं. बुलेटवाल्या पोराला तिचा निरोप: मागं बस, उतारावर डोळे मिटता येतात. पाटोडी ताई, सांबार आहेच, वर तुळशीसारखा वेगळाच एक पाला. आत्या वाडग्यातून वेचून वेचून बाजूला ठेवायची.
ती आता अनुराधापूरचं म्हणते. श्रीलंका, तिथला बोधिवृक्ष. मी म्हटलं गुडघे? तर म्हणे सॅकचा पट्टा तेवढा चपलावाल्याकडून शिवून आण, गुडघ्याचं मी पाहतो.
वडाभात भाऊ, फोटोचं विचारलं. आधी लुगडं बदलतो म्हणे.