वय ५४, कंपनी म्हणते राजीनामा द्या

प्रश्न: मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत), वडोदरा. सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) ऑपरेटर, नोकरी २२ वर्षं, बेसिक अधिक महागाई भत्ता दरमहा २६,०००. एचआर म्हणतंय, "तरुण पोरं हवीत, राजीनामा द्या, ग्रॅच्युइटी लगेच देतो." काय करावं?

उत्तर १: काका, सही करू नका. खासगी नोकरीत वयाच्या भेदभावावर वेगळा कायदा आपल्याकडे नाही, म्हणून भांडायचं ते कामगार कपातीच्या नियमांवर. कपात केली तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार. त्याच कामावर शेवटी लागलेला आधी जातो. जुन्याला काढायचं तर कारण नोंदवावं लागतं. राजीनामा दिला की हे सगळं गेलं, म्हणून तर मागतायत.

उत्तर २: आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल मिळणारी रक्कम, ही मेहेरबानी नव्हे! पगार २६,००० × १५ दिवस ÷ महिन्याचे कामाचे २६ दिवस × २२ वर्षं = ३,३०,०००. राजीनामा असो वा कपात, ३० दिवसांत द्यायचीच.

उत्तर ३: एक खोच: बढतीपत्रात 'सुपरवायझर' लिहून तुम्ही कामगारच नाही, म्हणून कपातीचे नियम तुम्हाला लागू नाहीत, असं म्हणतील. हुद्दा नाही, प्रत्यक्ष काम बघतात. जॉब कार्डांच्या (तुम्ही केलेल्या कामाच्या नोंदींच्या) प्रती जपा. गेटवर अडवलं तर त्याच दिवशी 'कामावर हजर आहे' असं रजिस्टर्ड पोस्टाने कळवा, नाहीतर 'काम सोडून गेला' दाखवतात.

प्रश्नकर्ता: पीएफची पेन्शन आत्ताच सुरू करू?

उत्तर २: घाई नको. पूर्ण पेन्शन ५८ ला. आधी घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कमी, तेही कायमचं.