मदत हवी आहे: मत आवडीला द्यायचं की हिशेबाला?

मंडळी, निवडणूक तोंडावर आली की माझा दरवेळी हाच घोळ होतो. मनातला उमेदवार तिसऱ्या नंबरवर, आणि घरचे म्हणतात, 'मत वाया घालवू नकोस.' समजा शंभरातली मतं 40, 35, 25 अशी पडली, तर 40वाला निवडून येतो आणि उरलेले 60 बघत बसतात. म्हणून 25वाल्याचे मतदार नाइलाजाने 35वाल्याकडे सरकतात. फ्रेंच अभ्यासक मॉरिस दुव्हर्जे यांचा नियम यावरच आहे: एकाच फेरीत, सर्वाधिक मतांवर निकाल लागत असेल तर लढत बहुधा दोन मोठ्या पक्षांत उरते. ऑस्ट्रेलियात 1918पासून उमेदवारांना पहिली, दुसरी असा पसंतीक्रम द्यायची सोय आहे; पहिल्या पसंतीचा बाद झाला तर मत पुढच्या पसंतीला जातं, म्हणून तिथे ही कुचंबणा बरीच कमी.

इथवर कळतं. अडतंय ते पक्षांच्या बाजूने. युती केली की 35 आणि 25 मिळून 60, हे कागदावर ठीक. पण काही मतदार नाराज होऊन घरीच बसतात, काही तर रागाने थेट 40वाल्याला मत देतात. मग जागावाटपाच्या वेळी पक्ष हे जोखतात कशावरून? मागच्या निकालांवरून, की कार्यकर्त्यांच्या अंदाजावरून? प्रचारात प्रत्यक्ष काम केलेल्या कुणी सांगाल का?

(कुणाला मत द्यावं ते मात्र नका सांगू, तेवढं माझं मी बघतो.)