मदत हवी आहे: कारखान्यातल्या अपघातानंतर घरच्या शुश्रूषेचा खर्च मागता येतो का?

नमस्कार. माझ्या मोठ्या भावाचे दोन्ही हात मे २०२५ मध्ये पॉवर प्रेसखाली सापडले आणि मनगटाच्या वरून काढावे लागले. चाकणजवळच्या एका वर्कशॉपमध्ये तो ठेकेदारामार्फत ऑपरेटर होता. वय ३५, पगार महिना १६,०००. प्रेसला हात आत जाऊ न देणारा गार्ड नव्हता. हॉस्पिटलचं बिल मालकाने भरलं, ते मी नाकारत नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे.

दादाला आज घास भरवावा लागतो. दात घासणं, आंघोळ, संडासला गेल्यावर स्वच्छ करणं, दाढी, शर्टाची बटणं, रात्री तहान लागली तर तोंडाला पेला लावणं. नाकावर माशी बसली तरी त्याला कुणाला तरी हाक मारावी लागते. हे सगळं वहिनी करते. ती एका कंपनीत पॅकिंगला होती, १२,००० मिळायचे, ते सुटलं. दळण, गॅस सिलिंडर, मुलाला शाळेत सोडणं ही दादाची कामंही आता तिच्याकडेच. घरी शुश्रूषेला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोत चौकशी केली, दिवसपाळीच्या माणसाचे महिना १८,००० सांगितले. म्हणजे दादाच्या पगारापेक्षाही जास्त.

मालक एकरकमी ५ लाख देतोय. त्याबदल्यात स्टँपपेपरवर ‘यापुढे कोणतीही मागणी नाही’ असं लिहून हवंय. सही वहिनीची मागतोय, कारण दादाचा अंगठाही उरलेला नाही. शुश्रूषेच्या खर्चाचं काढलं तर म्हणाला, “बायको आहे ना घरात, तिला कसले पैसे?” हे ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही. तिने उमेदीची वर्षं या कामात घालायची आणि त्याची किंमत शून्य धरायची, असं कायदाही म्हणतो का? माणूस ठेवला तरच खर्च धरतात की घरच्या माणसाच्या श्रमाचंही काही मिळतं? आणि सही करावी का? जाणकारांनी कृपया सांगा.

— धाकटी

कोर्टातला
ताई, सही अजिबात करू नका, वहिनींनाही करू देऊ नका. कर्मचारी भरपाई कायदा १९२३ च्या कलम १७ नुसार हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरतो, पण असा कागद पुढे वर्षानुवर्षं आडवा येतो. तडजोड करायचीच झाली तर ती याच कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि आपल्याकडे हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश बघतात.

५ लाख किती कमी आहेत ते बघा. दोन्ही हात गेले की कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतच १०० टक्के अपंगत्व धरलेलं आहे, डॉक्टरने टक्केवारी कमी-जास्त करायचा प्रश्न नाही. पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणक, असा हिशेब. पगार कितीही असो, जास्तीत जास्त १५,००० धरतात. ३५ व्या वर्षाचा गुणक १९७.०६. म्हणजे ९,००० × १९७.०६ = १७,७३,५४० रुपये. एका महिन्यात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. दावा अपघातापासून दोन वर्षांत लावायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता आली असली तरी तुमचा अपघात आधीचा आहे, जुनाच कायदा लागेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मदतनिसाचा खर्च असा वेगळा रकाना या कायद्यात नाही, आणि ही मोठीच उणीव आहे असं माझं ठाम मत आहे. रस्ते अपघातात तो मिळतो. काजल विरुद्ध जगदीश चंद या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन मदतनिसांचे प्रत्येकी ५,००० महिना धरून १८ च्या गुणकाने २१,६०,००० रुपये फक्त या एका कारणासाठी दिले. तोच माणूस यंत्राखाली सापडला तर मात्र हा हिशेब होत नाही. १९२३ च्या कायद्यात कलम ४(२अ) प्रमाणे उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मिळतो. तेव्हा ‘शुश्रूषेला माणूस आवश्यक’ असं डॉक्टरांकडून लेखी घ्या, पावत्या ठेवा आणि मागणी कराच.

दुसरी वाट दिवाणी दाव्याची. त्यात आयुष्यभराच्या शुश्रूषेची रक्कम मागता येते, मात्र मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. गार्ड नव्हता हा मुद्दा तिथे मोलाचा, यंत्राला कुंपण घालणं अपघाताच्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने बंधनकारक केलं होतं. पण दोन्हीकडे एकदम जाता येत नाही. आयुक्तांकडे दावा लावलात की दिवाणी दाव्याचा रस्ता बंद, म्हणून वकिलाशी बोलून आधी ठरवा.

एक विचारायचं राहिलं: दादांचं ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा विमा) होतं का? तिथे किती माणसं कामाला आहेत?

सिडनीकर
ताई, वाचून फार वाईट वाटलं. मी इथे न्यू साउथ वेल्समध्ये कामगार विम्याची प्रकरणं हाताळते. इथल्या कायद्यात घरकामाच्या मदतीचं वेगळं कलम आहे. घरच्याच माणसाने काळजी घेतली तरी पैसे मिळू शकतात, पण त्या माणसाचं उत्पन्न त्यापायी बुडालं असेल तरच. जखमी माणूस ती घरकामं आधी करत होता का, हेही बघतात. तुमच्याकडे हा कायदा चालणार नाही, पण पुरावा याच धर्तीवर जमवा. वहिनींच्या पगाराच्या पावत्या, राजीनामा, आणि त्या दिवसभर काय-काय करतात याची रोजची नोंदवही.

धाकटी
दोघांचे मनापासून आभार. नोंदवही आजपासून सुरू करते. वकीलसाहेब, तिथे तीसेक माणसं आहेत. ईएसआयसी कापत नव्हते, कार्डही नव्हतं.

कोर्टातला
मग चित्र बदलतं. दहा किंवा जास्त माणसं आणि पगार २१,००० च्या आत, म्हणजे वर्गणी भरणं बंधनकारक होतं. ज्याच्यासाठी वर्गणी देय होती तो विमाधारकच, मालकाने ती बुडवली तरी. महामंडळ दादांना लाभ देऊन कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कलम ६८ खाली मालकाकडून वसूल करू शकतं. पूर्ण कायम अपंगत्वाला पगाराच्या ९० टक्के दराने तहहयात दरमहा मिळतात, शिवाय कृत्रिम हात आणि उपचार. याच विमा कायद्याच्या कलम ५३ मुळे मग १९२३ च्या कायद्याची भरपाई आणि मालकावरचा नुकसानभरपाईचा दावा दोन्ही मिळत नाहीत. मदतनिसाचा रकाना इथेही नाही. तरी घरात दरमहा १४,००० च्या आसपास येत राहणं, तेही वयाच्या ३५ पासून, ५ लाखांपेक्षा कितीतरी मोठं आहे.

नोकरीचा पुरावा गोळा करा: हजेरी, बँकेत जमा झालेला पगार, दोन सहकाऱ्यांचे जबाब, डिस्चार्ज कार्ड, पोलिसांत नोंद असेल तर तिची प्रत. मग ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.