बुद्ध्यंकाचं खापर बिनेवर फोडणं बरोबर आहे का?

काठावर_पास:
बुद्धिचाचण्यांमुळे झालेल्या अन्यायाचा विषय निघाला की पहिलं नाव फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिनेचं (१८५७-१९११) घेतलं जातं. मला हे पटत नाही. १८८२ पासून फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झालं, सगळ्या थरांतली मुलं वर्गात आली आणि मागे पडणाऱ्यांचं करायचं काय हा प्रश्न उभा राहिला. १९०४ साली सरकारने समिती नेमली, तीत बिने होता. तोवर मुलाचा निकाल डॉक्टरच्या अंदाजावर लागायचा, आणि एकाच मुलाबद्दल दोन डॉक्टरांचं एकमत होत नसे. १९०५ मध्ये बिनेने थिओडोर सिमोंबरोबर ३० प्रश्नांची चाचणी केली : पेटत्या काडीमागे नजर फिरते का, इथपासून अमूर्त शब्दांतला फरक सांगण्यापर्यंत. हेतू एवढाच की जादा मदत कुणाला लागेल ते कळावं. बुद्धी लांबीसारखी मोजता येत नाही, हे त्याने तेव्हाच लिहून ठेवलंय. मानसिक वयाला, म्हणजे मूल ज्या वयाच्या पातळीचे प्रश्न सोडवतं त्या वयाला, खऱ्या वयाने भागून बुद्ध्यंक काढायचं डोकं १९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्नने लढवलं. तेव्हा बिने हयातही नव्हता.

तिरकी_रेघ:
भागाकार स्टर्नचा, पण भाज्य कुणी पुरवलं? १९०८ च्या आवृत्तीत प्रश्नांची वयवार मांडणी बिनेनेच केली. 'नऊ वर्षांचा मुलगा सहाच्या पातळीवर आहे' असं एकदा म्हटलं की पुढचं गणित कुणीही करेल. आणि प्रश्न तरी काय? दोन चेहऱ्यांतला सुंदर कुठला ते सांग! यात बुद्धी किती आणि पॅरिसची आवडनिवड किती?

काठावर_पास:
चेहऱ्यांचा प्रश्न भिकारच होता, त्याची वकिली मी करणार नाही. पण ब्रसेल्सच्या सधन घरांतली मुलं त्याच्या चाचणीत पॅरिसच्या गरीब वस्तीतल्या मुलांच्या पुढे गेली, तेव्हा घरच्या परिस्थितीचा परिणाम त्याने नाकारला नाही. १९०९ च्या पुस्तकात तर बुद्धी ठरावीकच असते, वाढत नाही असं मानणाऱ्यांना त्याने झोडपलंय. मागे पडलेल्यांसाठी लक्ष आणि स्मरणशक्तीचे व्यायाम बसवले. हीच चाचणी अमेरिकेत नेली तिथल्या हेन्री गोडार्ड या मानसशास्त्रज्ञाने. त्याच्या मते बुद्धी रक्तातून येते, प्रश्न मिटला. १९१३ मध्ये त्याची माणसं न्यूयॉर्कजवळच्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावर, कित्येक दिवस बोटीत काढून उतरलेल्या, इंग्रजी न कळणाऱ्या लोकांची परीक्षा घेत होती. जाब त्याला विचारा ना.

तिरकी_रेघ:
विचारतोच. पण गोडार्डला नवं काही बनवावं लागलं नाही. भाषांतर करून भागलं.

जादा_तास:
तुमचं फ्रान्स-अमेरिका चालू द्या. मी मागे पडणाऱ्या मुलांना शिकवते. व्ही. व्ही. कामतांनी १९३४ मध्ये बिनेची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. बिने-कामत आजही वापरात आहे. कागदावर आकडा नसेल तर दाखला नाही, दाखला नसेल तर सवलत नाही. आणि चाचणी नकोच म्हणाल, तर मुलाचं आडनाव आणि कपडे बघून मत बनवणारे शाळेत कमी नाहीत. त्यापेक्षा मला हे ३० काय, ६० प्रश्न चालतील.

तिरकी_रेघ:
ताई, ती मोजपट्टी त्या काळच्या मुलांवरून आखलेली. विसाव्या शतकात दर पिढीत सरासरी गुण चढत गेले, हे देशोदेशी दिसलंय. म्हणजे जुन्या पट्टीवर आजच्या मुलाचा आकडा फुगतो, आणि जिला मदत हवी तीच मुलगी 'ठीक आहे' म्हणून परत पाठवली जाते. बिनेने स्वतः १९०५, १९०८, १९११ अशी सहा वर्षांत तीनदा चाचणी नव्याने मांडली. आपण मात्र कामतांची जुनीच पट्टी धरून बसलोय.

काठावर_पास:
बघा, शेवटी तुम्हीच बिनेची बाजू घेतलीत.

तिरकी_रेघ:
त्याच्या कष्टाची घेतली. वयाची पातळी काढायची कल्पना मला अजूनही घातकच वाटते.

जादा_तास:
नवी पट्टी आणा की, कोण नको म्हणतंय? पण ती तालुक्याला पोचेपर्यंत सोमवारी येणाऱ्या मुलाच्या आईला मी काय सांगू, तेवढं लिहा.