चंद्रपूरच्या सिमेंट पट्ट्यासाठी सामाईक सीओटू पाइपलाइन : आकार, शुद्धता, जागा?

क्लिंकर_कोरपना:
कोरपना-राजुरा भागात मोठे सिमेंट प्लांट जवळजवळ आहेत. त्यांच्या धुरातला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) पकडून, पाइपने नेऊन जमिनीखाली साठवायचा विचार आहे. प्रत्येकाने वेगळी लाइन आणि वेगळी विहीर घेणं परवडणारं नाही, म्हणून हबचा (सगळ्यांची मिळून एक लाइन, एक साठवण) प्राथमिक अभ्यास (सध्या कागदावरच) करायचा आहे. पाइप केवढा धरायचा, शुद्धता कोणाच्या मापाने ठरवायची आणि इथे जमिनीखाली जागा आहे का?

पाइप_आणि_पंप:
आधी पकडता येईल तेवढ्याचाच हिशोब करा. टनभर क्लिंकरमागे (भट्टीतून निघणारा, दळून सिमेंट होणारा माल) चुनखडीतूनच साधारण ०.५२ टन सीओटू निघतो, इंधन धरून ०.८ च्या आसपास. तो सगळा हाती लागत नाही. नॉर्वेतल्या ब्रेविकच्या सिमेंट प्लांटमधली यंत्रणा वर्षाला ४ लाख टन, म्हणजे त्या प्लांटच्या सीओटूपैकी निम्माच, पकडण्यासाठी बांधली आहे. तो आकडा बेतलाय भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर. अमाइनमधून (सीओटू शोषून घेणारं रसायन) गॅस सोडवायला टनामागे ३ ते ३.५ गिगाज्यूल लागतात. तुमच्याकडे ती उष्णता आधीच वीजनिर्मितीला जोडली असेल तर नवा बॉयलर आला, आणि त्याचा धूर वेगळा.

पाइपचं म्हणाल तर व्यास दुप्पट केला की क्षमता पाचपटीहून जास्त होते, त्यामुळे मोठा टाकायचा मोह होतोच. कॅनडातल्या अल्बर्टाची ट्रंक लाइन २४० किलोमीटर, क्षमता वर्षाला १४६ लाख टन. २०२० मध्ये सुरू झाली ती एक रिफायनरी आणि एक खत कारखाना एवढ्यावर; जेमतेम दहावा हिस्सा भरत होता. सरकारी पैसा होता म्हणून निभावलं. तुमच्याकडे ‘घ्या किंवा पैसे भरा’ करारावर (गॅस पाठवला नाही तरी भाडं द्यायचं) दोघांच्या सह्या नसतील तर मोठा पाइप टाकू नका.

गंज_पकडणारा:
शुद्धतेबद्दल माझं मत जरा कडक आहे. नॉर्दर्न लाइट्स या नॉर्वेतल्या सीओटू साठवण प्रकल्पाने पाणी ३० पीपीएम (दहा लाखांत ३० भाग) आणि ऑक्सिजन १० पीपीएमची मर्यादा घातली आहे. पण खरी गोम मिसळण्यात आहे. सिमेंटच्या गॅसमध्ये नायट्रोजनचे ऑक्साइड असतात. उद्या कोळसा गॅसिफिकेशनवाला (कोळशापासून गॅस बनवणारा) जोडला तर हायड्रोजन सल्फाइड येईल. दोघंही आपापल्या मर्यादेत असले तरी एका लाइनमध्ये भेटले की सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल होतं, वर गंधकाचा थर. पाणी नगण्य असलं तरी! म्हणून मर्यादा एकेका प्लांटवर नव्हे, मिश्रणावर काढा आणि नवा ग्राहक आला की पुन्हा तपासा.

प्रत्येक प्रवेशावर मॉलिक्युलर सीव्हचा (ओलावा शोषणारे दाणे) ड्रायर, वजनाने प्रवाह मोजणारा कोरिओलिस मीटर, ओलाव्याचा ऑनलाइन ॲनालायझर आणि आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह हवाच. ॲनालायझरकडे नमुना नेणारी सॅम्पल लाइन गरम ठेवा, नाहीतर दाब उतरताना गॅस गारठतो, पाणी नळीतच चिकटतं आणि ॲनालायझर ‘कोरडं’ दाखवत बसतो. व्हॉल्व्ह आपोआप बंद झाल्यावर गॅस चिमणीतून गेला तर भुर्दंड कोणाचा, हे करारात आधीच लिहा. भांडणं तिथेच होतात.

वर्धा_खोरं:
जागेचं अवघड आहे. सीओटू ३१ अंश आणि ७४ बारच्या वर दाट राहतो, म्हणून साठवण निदान ८०० मीटर खोल हवी. दख्खनचा बसाल्ट (लाव्हाचा काळा खडक) पूर्वेकडे पातळ होत जातो, त्यामुळे ती खोली त्यात मिळेल असं धरू नका. आइसलंडसारखं पाण्यात विरघळवून बसाल्टात सोडायचं तर टनामागे सुमारे २५ टन पाणी लागतं. १० लाख टनांना अडीच कोटी टन. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ते कुठून आणणार?

वर्धा खोऱ्यातल्या गोंडवाना थरात (जुना गाळाचा खडक) कोळसा आहे, म्हणजे जुन्या बोअरची जाळी आहेच. आधी त्यांची यादी काढा, मग सिस्मिक (कंपनं सोडून जमिनीखालचे थर पाहणं). विहिरींवर किती लक्ष द्यावं लागतं ते अमेरिकेतल्या डिकेटरच्या सीओटू साठवण प्रकल्पात दिसलं: निरीक्षणासाठीच घेतलेल्या विहिरीची नळी गंजली, द्रव ठरवलेल्या थराबाहेर गेला आणि २०२४ मध्ये इंजेक्शन थांबवावं लागलं.

क्लिंकर_कोरपना:
मग साठवणीसाठी कृष्णा-गोदावरी खोऱ्यापर्यंत लाइन नेणं?

पाइप_आणि_पंप:
जमेल, पण काही शे किलोमीटर, मधे दाब वाढवणारी बूस्टर स्टेशनं, वाटेत गावं. सीओटू हवेपेक्षा जड, गळाला की खोलगट जागी साचतो. २०२० मध्ये मिसिसिपीतल्या सटार्शियाजवळ पावसाने जमीन सरकून लाइन फुटली आणि लोकांना दवाखान्यात हलवावं लागलं. नदी-नाल्यांच्या क्रॉसिंगचा सर्व्हे आधी करून घ्या, पाइपचा दर नंतर मागवा.