मदत हवी आहे : एफएम रेडिओ आणि इअरफोनची पिन असलेला फोन
नमस्कार. माझे वडील रोज पहाटे फोनवर एफएम रेडिओ ऐकतात. इअरफोनची वायरच अँटेनाचे काम करीत असल्यामुळे त्यासाठी इंटरनेट लागत नाही. जुना फोन बिघडल्यावर घेतलेल्या नव्या फोनला मात्र ३.५ मिलिमीटरच्या पिनेची जागाच नाही आणि रेडिओही नाही. दुकानदार ब्लूटूथ इअरफोन घ्यायला सांगतो, परंतु ती एवढीशी बोंडे थरथरत्या बोटांनी कानात बसवताना निसटून खाटेखाली जातात, हे पाहून फार वाईट वाटते. केंद्र सरकारने २०२३ मध्येच उत्पादकांना फोनमध्ये एफएम देण्याविषयी सांगितले होते! १५,००० रुपयांच्या आत या दोन्ही सोयी असलेला फोन कोणी स्वतः वापरत असल्यास कृपया मॉडेल कळवावे, आणि वायरशिवाय रेडिओ कितपत स्पष्ट लागतो, हेही सांगावे.