पोटावरची पिशवी आणि तेव्हा भेटलेली माणसं: तुमचे अनुभव लिहा

रानजाई:
आज माळा आवरताना जुन्या डब्यात ते गोल गोल भोकांचं कार्ड सापडलं, स्टोमा (मल बाहेर यायला पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) मोजायचं. ३५ मिमीच्या भोकाला नर्सताईंनी पेनाने केलेली खूण अजून तशीच आहे. तिथेच बसून राहिले. २०११ ला गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून कायमची कोलोस्टोमी आहे मला, म्हणजे मोठ्या आतड्याचा स्टोमा. डॉक्टरांनी सगळं समजावलेलं, तरी तीन दिवस मी खाली बघितलंच नव्हतं, पांघरूण गळ्यापर्यंत. मग एक काका आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट नीट खोचलेला, लोकलने उभ्याने आलेले. म्हणाले, "ताई, सांगा बघू माझी पिशवी कुठल्या बाजूला आहे?" मला काही म्हणजे काही दिसेना. त्यांना नऊ वर्षं झाली होती. ते गेल्यावर पहिल्यांदा पांघरूण बाजूला केलं. गालाच्या आतल्या बाजूसारखं लाल, ओलं. हात लावला तर दुखलं नाही, तिथे दुखणं कळणाऱ्या नसाच नसतात हेही काकांनीच सांगितलेलं. तुम्हाला असं कोण भेटलं ते लिहा ना.

गोदाकाठ:
माझी इलिओस्टोमी होती, म्हणजे लहान आतड्याचा स्टोमा, आठ महिने. डिस्चार्जच्या दिवशी दहा मिनिटांत सगळं उरकलं आणि घरी आल्यावर आठवड्यात कातडी सोलून निघाली, रात्रभर आग आग. ओपीडीच्या बाकावर शेजारच्या मावशींनी बघितलं आणि म्हणाल्या अरे बाळा भोक केवढं कापलंयस! फ्लँजचं (पिशवीची कातडीला चिकटणारी चकती) भोक स्टोमापेक्षा २-३ मिमीच मोठं हवं, लहान आतड्यातून येतं त्यात पाचकरस असतात, ते उघड्या कातडीला लागले की कातडी जाळतात. आणि पहिले दीड-दोन महिने स्टोमा आक्रसत जातो म्हणून दर वेळी मोजायचं. मावशींचं नाव विचारायचं राहिलं याचं फार वाईट वाटतं.

चिंचगूळ:
आईचं अचानक करावं लागलं, आतड्याला पीळ पडलेला, आधी जागा ठरवायला वेळच नव्हता. स्टोमा आला नेमका परकराच्या नाडीखाली. नाडी आवळली की पिशवीत काही उतरायचंच नाही आणि मग कडेने गळायचं, लग्नाला जाणं बंद, देवळात जाणं बंद. शेवटी दुसऱ्या एका पेशंट काकूंनी स्वतःचा परकर दाखवला, रुंद पट्टा, वर छातीखाली हुक, नाडीच नाही. आमच्या शिंपीणबाईंनी तसे चार शिवून दिले. आई भाचीच्या हळदीला नऊवारीत गेली!!

कंदीपेढा:
वाचतेय सगळं. बाबांचं पुढच्या बुधवारी आहे. घरात कोणी बोलतच नाहीये. काय काय विचारू डॉक्टरांना?

रानजाई:
@कंदीपेढा पहिलं म्हणजे ऑपरेशनआधी पोटावर खूण करून घ्या, बसवून, उभं करून, वाकायला लावून. बाबांना स्वतःला दिसेल अशी जागा हवी, घडीत नको. स्टोमाची नर्स आहे का विचारा. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, जड झाली की ओढ बसते. आणि पिशवी असलेलं कोणी भेटायला येईल का ते नक्की विचारा. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, १९७५ पासूनची.

मालवणी_माणूस:
मासे सोडूचे लागतत काय? भावाक विचारूचा हा.

गोदाकाठ:
नाही हो! वास थोडा वाढतो, रिकामं करताना जाणवतो एवढंच. इलिओस्टोमी असेल तर खोबरं, मका, शेंगदाणे जपून, नीट चावले नाहीत तर अडकतात. मी खिचडीत अगदी बारीक कूट घालायचो. उन्हाळ्यात ओआरएस विसरू नका, पाणी भराभर जातं.

मीच_ती:
बारीक कुटाने खिचडी चिकट नाही का होत? आमच्याकडे जाडसरच लागतं 😀

चिंचगूळ:
साबुदाणा कमी पाण्यात भिजव गं, नाही होत.

आबा_६८:
मी इरिगेशन करतो, म्हणजे स्टोमातून पाणी सोडून आतडं साफ करतो, १४ वर्षं झाली. डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं, सगळ्यांना चालत नाही, इलिओस्टोमीला तर नाहीच. साधारण लिटरभर कोमट पाणी, पाऊण ते एक तास लागतो. मग दिवसभर निवांत. शिकवलं ते एका निवृत्त एसटी कंडक्टरने, स्वतःच्या बाथरूममध्ये उभं करून. सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलं त्यांनी.

परिचारिका:
ड्युटीवर आहे, पटकन लिहिते. चिकटणारी पिशवी सुचली तीही एका बहिणीपायी. डेन्मार्कमधली नर्स एलिसे सोरेन्सन, १९५४. तिची बहीण थोरा ऑपरेशननंतर गळतीच्या भीतीने घराबाहेर पडेना. माझ्या वॉर्डात कोणी "आता मी घरीच बसणार" म्हणालं की मी थोराची गोष्ट सांगते.

कंदीपेढा:
खूण झाली आज. बाबा नर्सना म्हणाले धोतर कुठे नेसतो ते आधी बघा. चार दिवसांनी बोलले काहीतरी.

रानजाई:
अगं छानच. मी येऊ का शनिवारी त्यांना भेटायला? साडी नेसून येते, बघू त्यांना ओळखता येतं का.

कंदीपेढा:
या ना ताई, नक्की या. भेटायची वेळ ४ ते ६. लिफ्ट बंद आहे, दोन मजले जिना चढावा लागेल, चालेल ना?

रानजाई:
चालेल गं.